बाबांच्या कानांचं लांबलचक नाव

अहो, इकडेतिकडे बघू नका, मी कॉम्प्युटरच्या आतून बोलतेय. मी एक चूक आहे. बिनतारी वस्तू जोडून घेणाऱ्या प्रोग्राममधली, एका ओळीची.

मला जन्म देणारा इंजिनिअर तसा हुशार. जोडायला आलेल्या वस्तूचं नाव लिहायला त्याने मेमरीत बेताची जागा ठेवली. नाव तिथे मावतंय का, हे तपासायचं मात्र राहिलं. "एवढं लांब नाव कोण ठेवणार?" म्हणून गडी चहाला गेला आणि मी जी आत कोंडले गेले ती आजतागायत. ना दार, ना खिडकी. ओरडायचीही सोय नाही.

या घरी आले, तेव्हा माझा कुणाला पत्ताच नव्हता. घरात तिघं: घरांचे नकाशे काढणारा मुलगा, त्याची बायको आणि बाबा. बाबांना कमी ऐकू येतं. त्यांची श्रवणयंत्रं कॉम्प्युटरला जोडली, की दूर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या ताईचा बारीक आवाज थेट कानात. दर रविवारी बहीणभाऊ मनसोक्त भांडायचे. ऐकून काय बरं वाटायचं!

मग सूनबाईंना लहर आली. नवरा आपले इयरफोन समजून सारखी बाबांचीच यंत्रं जोडायचा. म्हणून तिने यंत्रांना नाव दिलं, "बाबांचे कान आहेत, हात लावणाऱ्याचे कान उपटले जातील". सगळे पोट धरून हसले. मग बाबांनी यंत्रं जोडायला घेतली. नाव जागेत मावेना. उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत घुसली, तिथलं होतं नव्हतं ते पुसलं गेलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. मुलाचा दिवसभर खपून काढलेला नकाशा गेला.

"बाबा, काय दाबलंत?"

"काही नाही रे, नुसते कान जोडले."

पुन्हा जोडले, पुन्हा तेच. मुलगा तडकला, "कृपा करा, याला हात लावू नका!"

बाबांनी कानातली यंत्रं काढली. ती टेबलाच्या खणात ठेवून दिली. अहो, बाबांनी बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं हो! केलं ते मी, आणि बोलणी खाल्ली त्यांनी.

पुढच्या रविवारी सूनबाईंनी आपल्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून दिला; यंत्रं खणातच. ताईने विचारलं, "कधी येतोस रे भेटायला?" तिच्या ओठांकडे बघत बाबा म्हणाले, "हो हो, जेवलो." ताईने तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरम्यान प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीतल्या कुणीतरी मला हुडकलं. दुरुस्ती आली. पडद्यावर चौकट येते, "आता करायची की नंतर?" मुलगा रोज "नंतर" दाबतो. माणसांचा फार लाडका शब्द दिसतो हा. मला सुटायचंय हो, आणि हा पठ्ठ्या मला सुटू देत नाही!

आज दोघं बाहेर गेलीत. पडदा पुसायला आलेले बाबा चौकट वाचत थांबले.

"घरात मला कुणी विचारत नाही, हे तरी विचारतंय," ते स्वतःशीच पुटपुटले. हात पुढे आला. मग मागे गेला. "नको बाबा, परत बिघडलं तर?"

दाबा हो! एकदा दाबाच!

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि "आता" दाबलं.

पट्टी भरत चाललीय. माझ्या जागी शहाणी ओळ येईल, नाव आधी मोजून घेणारी. बाबांनी खण उघडलाय. यंत्रं सदऱ्याला पुसतायत. बाबा, ताईला सांगा, कधी भेटायला येताय ते.

निघताना माणसं "येते" म्हणतात. मी मात्र जाते.