जादाचा पाटा

मी पाटा बोलतोय. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या एकीखाली एक रचून कमान बांधतात ना, तिच्यातली सगळ्यात खालची, सगळ्यात जाड पट्टी म्हणजे मी. लोक गाडीचा रंग बघतात, दिवे बघतात, आत गाणी कशी वाजतात ते विचारतात. वाकून आमच्याकडे बघायला कुणाची कंबर मोकळी आहे? असो. तक्रार करायला बसलेलो नाही मी. म्हणजे थोडीशी करणार आहे, ऐकून घ्या.

कमानवाल्याच्या भट्टीत मी जन्मलो. लालबुंद तापवलं, वाकवलं आणि चर्रकन तेलात बुडवलं. बाहेर आलो तो असा टणक, की कमानवाला हातोडी आपटून म्हणाला, "हा काही आयुष्यात वाकत नाही!" कौतुक ऐकून मी फुगलो. पाट्याचा धंदाच मुळी वाकायचा असतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

माझे मालक लिफ्ट तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दहा माणसांच्या लिफ्टने बाराजण पेलले पाहिजेत, ही त्यांची जन्मभराची शिकवण. घरातसुद्धा तसंच. चौघं जेवायला येणार असतील तर हे सहाजणांचा भात टाकायला लावणार. त्यांची बायको शिवणकाम करायची. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून तिच्या पाठीचा एक मणका कायमचा रुसलेला.

तिची धाकटी बहीण दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगरातल्या वस्तीत राहायची. शेवटचा रस्ता नुसता दगडधोंड्यांचा, बस जात नाही. अकरा वर्षांत भेट नव्हती. आणि त्या बहिणीची नजर चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. एक दिवस तिचा फोन आला, "ताई, अजून माणसं ओळखू येतात. येणार असशील तर आत्ता ये गं."

मालकांनी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी गाडी घेतली. वाटेत मुक्कामाला टपावर तंबू, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, शेगडी, हत्यारं असं सगळं भरलं. गाडी मागून अशी बसली, की दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडायचा सोडून झाडांच्या शेंड्यांवर! म्हणून गॅरेजमध्ये मागच्या कमानी बदलायला आले.

"सामान किती किलो, काका?" मिस्त्रीने विचारलं.

"पाचशे," मालक म्हणाले.

बाई चमकल्या. "अहो, काट्यावर साडेतीनशे भरलं होतं ना?"

"असू दे गं. थोडं जास्तच धरलेलं बरं."

मिस्त्रीही काही कमी नव्हता. गिऱ्हाईक नेहमी कमीच सांगतं, असा त्याचा अनुभव. त्याने कमानवाल्याला साडेसहाशे कळवले. आणि कमानवाल्याने, आपल्या कामाला कुणी नाव ठेवायला नको म्हणून, दोन्ही बाजूंना खालून एकेक पाटा जादा चढवला. डाव्या बाजूचा तो जादाचा पाटा म्हणजे मी. तिघांच्याही मनात काळजीच होती, खोट कुणाच्याच नव्हती.

आम्हाला बसवलं, आणि गाडी भरल्या सामानासकट ताठ उभी राहिली. मालकांनी टाळ्याच वाजवल्या. "बघ, आता हत्ती ठेव मागे!" मी तर ढगात.

दुसऱ्या दिवशी दोघं चक्कर मारायला निघाले. पहिलाच गतिरोधक आला. मी वाकलो नाही. तसूभरही नाही. चाकाला बसलेला दणका मी जसाच्या तसा वर पाठवून दिला, आणि तो बाईंच्या मणक्यात जाऊन थांबला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी अजून विसरलेलो नाही. नऊ किलोमीटरवर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, घामाने निथळत.

चार दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. गाडी खिडकीखालीच उभी, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पाचव्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही एकटे जाऊन या. तिला माझा फोटो दाखवा. जवळ धरला तर दिसेल."

मालक तसेच ताटावरून उठले आणि गाडी काढून तडक गॅरेजमध्ये आले. बाईही हट्टाने उशी घेऊन शेजारी बसल्या, दातओठ आवळून.

मिस्त्री गाडीखाली शिरला, मला बोटाने टकटक केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, खरं वजन सांगा."

मालकांचा चेहरा पडला. "साडेतीनशे. पाचशे मी... आपलं..."

"आणि त्याचे साडेसहाशे मी केले," मिस्त्रीने कान पकडले. कमानवाल्याला फोन लावला, तर तोही चाचरत म्हणाला, "एकेक पाटा मी वाढवलाय खरा."

बाई गाडीतून म्हणाल्या, "म्हणजे माझी कंबर तिघांनी वर्गणी काढून मोडलीत म्हणा की!" मिस्त्री हसला. मालक हसायला गेले आणि त्यांना रडूच आलं. "अगं, वाटेत कुठे अडकायला नको, तुला त्रास नको, म्हणूनच गं," एवढंच त्यांना म्हणता आलं.

मग मिस्त्रीने बोल्ट सोडले आणि मला बाहेर काढलं. उजवीकडचा माझा जोडीदारही निघाला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मी तुटलो नव्हतो, झिजलो नव्हतो, मी फक्त जास्त होतो. दोघं पुन्हा चक्कर मारायला गेले. मी फरशीवर पडून वाट बघत होतो. अर्ध्या तासाने गाडी दारात आली. मालकांनी इंजिन बंद केलं, तशा बाई म्हणाल्या, "थांबलात कशाला? चांगलं चाललं होतं की!"

तिसऱ्या दिवशी ते निघाले.

मी आता गॅरेजच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून असतो. थोडा गंज चढलाय. माणसांना माझं एकच सांगणं आहे. आपल्या माणसासाठी भक्कम व्हा, जरूर व्हा, पण त्याला किती पेलवतं तेही एकदा विचारा. मला कुणी शिकवलं नाही, तुम्ही तरी शिका.

काल दुपारी मिस्त्रीचा फोन वाजला. हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला. बाईच होत्या.

"पोचलो रे बाबा! पाठ ठीक आहे."

"आणि काकू, बहीण?"



"फाटकात उभी होती. मी गाडीतून उतरले, तशी लांबूनच ओरडली, 'ताई, किती पांढरे झाले गं केस तुझे!'"