रिकामा ग्रुप काढायचा? होय

माणसाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आला की त्याची मान आपोआप ताठ होते. धाकट्याकडे तर साडेअकराशे माणसांच्या किल्ल्या होत्या. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीला लागून, एसीच्या गारठ्यात बारा महिने स्वेटर घालून तो बसायचा. मोठा सर्जन असो की वॉर्डबॉय, कॉम्प्युटरला हात लावायचा तर यानेच उघडून दिलेल्या खात्यातून. कोणाचं खातं कोणतं, कोण कुठल्या ग्रुपमध्ये, कोणाला रक्ताचे रिपोर्ट दिसावेत आणि कोणाला नुसता ड्यूटीचा तक्ता, हे सगळं ज्या यादीत असतं तिला डिरेक्टरी म्हणतात. त्या डिरेक्टरीचा हा मालक. निदान त्याला तसं वाटायचं.

तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीत त्याचा थोरला भाऊ होता. चौतीस वर्षं लोकांना ‘श्वास धरा, हलू नका’ म्हणण्यात गेली. धाकट्याला या नोकरीत चिकटवलं तेही दादानेच, आणि हे उपकार तो कधी विसरला नाही. म्हणजे धाकट्याला विसरू दिले नाहीत. कँटीनमध्ये चार जण बसलेले असले की हमखास म्हणायचा, “हा आमचा बटणवाला. बटण दाबतो, पगार घेतो.” लोक हसायचे. धाकटाही हसायचा. ते हसणं घरी नेऊन रात्रभर चघळायचा, हे दादाच्या गावीही नव्हतं.

पण दादा नुसता फोटो काढणारा नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. मुलांच्या हाताचा एक्स-रे पाहून हाडांचं वय ठरवतात. डॉक्टर त्यासाठी जो तक्ता वापरत तो पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांवरून बेतलेला होता. आपल्यासमोर येणारी मुलं त्या तक्त्यात बसत नाहीत असा दादाला संशय आला, आणि अकरा वर्षं ड्यूटी संपल्यावर तो रोज तासभर थांबून मापं घेत बसला. चार हजार दोनशे मुलांचे हात. एकेक बोट, एकेक पेर. डॉक्टरांनी आधी टिंगल केली. मग एका प्राध्यापकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “पूर्ण करून आणा. तुमच्या नावाने छापायला पाठवू.” ज्याला चौतीस वर्षं ‘ओ फोटोवाले’ अशी हाक मारली गेली, त्याचं नाव छापून येणार होतं. त्या दिवशी दादा घरी जाऊन जेवला नाही, नुसता गॅलरीत फेऱ्या मारत होता, असं वहिनींनीच सांगितलं.

हे सगळं होतं दादाच्या हॉस्पिटलमधल्या फोल्डरमध्ये. बाहेर नेण्याची सोय नव्हती. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पेन ड्राइव्हची भोकं सगळीकडे बंद केलेली. बंद करणारा अर्थात धाकटाच.

त्या साली मॅडमनी, म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या बाईंनी, नवा सर्व्हर घेतला आणि फर्मान काढलं, “हाताने एकेक खातं घालणं-काढणं आता पुरे. एक कमांड दिली की काम झालं पाहिजे. तुम्ही रजेवर असलात तरी.”

शेवटचं वाक्य धाकट्याला टोचलं, पण त्या कामासाठी नव्या सर्व्हरबरोबर आलेलं टूल मात्र मनापासून आवडलं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस्स. मात्र त्या ओळीने नेमकं काय करायचं हे आधी एका फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं, आणि त्या फाइलला तो दोन आठवडे मुंगळ्यासारखा चिकटून बसला. सर्व्हरचा पत्ता काय? नव्या खात्यांचे नंबर कितीपासून? काही न सांगितलं तर नवा माणूस कुठल्या ग्रुपमध्ये पडणार? खातं काढलं की त्याचा फोल्डर पुसायचा? होय. पुसण्याआधी प्रत ठेवायची? होय. कुठे? त्या माणसाच्या ग्रुपच्या सामायिक फोल्डरमध्ये, म्हणजे वॉर्डातली नर्स गेली तरी तिचे कागद वॉर्डाकडे राहतील. ग्रुपमध्ये कोणीच उरलं नाही तर? रिकामा ग्रुप त्याच्या फोल्डरसकट काढायचा? होय. पसारा त्याला खपत नसे. घरी दाराबाहेरच्या चपलासुद्धा तो एका रेषेत लावायचा.

आणि सगळ्यात शेवटी, टूलने दर वेळी बडबड करायची का? नाही. चूक झाली तरच बोल.

तीन खोटी खाती उघडून त्याने ती एका ग्रुपमध्ये घातली आणि त्यातलं एक काढून पाहिलं. खातं गेलं, प्रत राहिली. एकदम चोख. मग निवृत्त होणाऱ्यांसाठी त्याने एक वेगळा ग्रुप केला. त्या महिन्यात निवृत्त होणारा एकच होता, दादा.

महिनाअखेरीला दादा वर आला. हातातला अर्ज त्याने टेबलावर टाकला. “माझं खातं सहा महिने चालू ठेवायचंय. मॅडमची सही आणलीय.”

“बघतो.”

“बघतो काय? कर म्हणतोय. आणि नीट कर हं. तुझ्या हातून साधं दूध कधी उतू गेल्याशिवाय तापलं नाही.”

धाकट्याने अर्ज घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मनात म्हणाला, सही मॅडमची असली तरी हात माझाच लागणार आहे.

शुक्रवारी दादाचा निरोप समारंभ झाला. हॉल भरलेला होता. दादा बोलायला उभा राहिला आणि छान बोललाही. पहिल्या मशीनबद्दल, एक्स-रेला घाबरून रडणाऱ्या मुलांबद्दल. मग त्याची नजर धाकट्यावर पडली आणि जिभेला खाज सुटली. “आमचे बंधुराज वर बसून तुमचे पासवर्ड बदलतात. लहानपणीही घरातल्या कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या. कारण दुसरं कुठलंच काम त्याला जमायचं नाही!” हॉल खदखदून हसला. मॅडम हसल्या. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या, आणि धाकट्याला तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं. शनिवारी सकाळी, ऑफिस निम्मं रिकामं असताना, त्याने दादाचं नाक दाबायचं ठरवलं. डाव साधा होता. खातं काढायचं, प्रत राहीलच. सोमवारी दादाला दार बंद दिसेल, दोन दिवस फोन करून तो थकेल, मग तीन जिने चढून येईल आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘प्लीज’ म्हणेल. आपण खुर्चीत मागे रेलून ‘बघू काय करता येतं’ म्हणायचं आणि अर्ध्या मिनिटात सगळं परत आणून द्यायचं. त्याने ते वाक्य आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. ओळ टाइप केली, एंटर दाबलं. पडद्यावर काहीही आलं नाही. चूक झाली तरच बोल, असं त्याने टूलला सांगून ठेवलं होतं. आणि टूलच्या हिशेबाने चूक काहीच झाली नव्हती.

दादा बुधवारी आला. गुडघे धरत, दम खात, दारात उभा राहिला. हॉस्पिटलचा कोट नव्हता, घरचा शर्ट होता, आणि त्या शर्टात तो एकदम लहान दिसत होता.

“अरे, ते खातं उघडत नाहीये. तीन दिवस तुला फोन करतोय.”

“नियम आहे दादा. निवृत्त झालं की बंद.”

“पण मॅडमची सही होती ना?”

“सह्या काय, खूप येतात.”

धाकट्याने बस म्हटलं नाही. दादा उभाच राहिला, आधी चिडला, मग चुळबुळला, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, “उघडून दे रे. सोमवारी प्राध्यापकांना द्यायचंय. हात जोडतो तुला.” आणि त्याने खरोखरच हात जोडले.

एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता. धाकट्याने खुर्ची वळवली, निवांतपणे बोटं मोडली आणि ग्रुपचा फोल्डर उघडायला घेतला. फोल्डर नव्हता. त्याने पुन्हा टाइप केलं. नव्हता. ग्रुपच नव्हता.

पाच मिनिटांत त्याला सगळा उलगडा झाला. टूलने सांगितलं तसंच केलं होतं. आधी प्रत काढली, ती ग्रुपच्या फोल्डरमध्ये नीट ठेवली, खातं काढलं. मग पाहिलं तर ग्रुपमध्ये कोणीच उरलं नव्हतं, म्हणून ग्रुप काढला, फोल्डरसकट, आणि फोल्डरमध्ये ती प्रत. त्याच्या चाचणीत मागे दोन खोटी माणसं उरली होती. दादामागे कोणीच नव्हतं. जुना सर्व्हर आदल्या आठवड्यातच पुसून भंगारात गेला होता, आणि नव्याचा रोजचा बॅकअप सोमवारी सुरू झाला होता. चार हजार दोनशे हात गेले होते, आणि ते आणायला जगात कुठलीही कमांड नव्हती.

मागून दादा म्हणाला, “सापडत नाही का?”

धाकट्याने तीच ओळ पुन्हा एकदा टाइप केली.

“मी अठ्ठावीसला जरा साफसफाई केली होती,” दादा चाचरत म्हणाला. “जुने ड्यूटीचे तक्ते, फोटोबिटो पुसले. त्यात चुकून काही... नाही ना?”

सांगायचे होते फक्त चार शब्द. माझ्या हातून गेलं, दादा. शेंबडं पोरही बोललं असतं. पण दूध उतू घालवणारा, किल्ल्या सांभाळणारा, बटणवाला, यांपैकी एकालाही ते चार शब्द बोलायचे नव्हते. आणि दादाने तर स्वतःहून दार उघडून दिलं होतं.

“अठ्ठावीसलाच पुसलंयस,” धाकटा म्हणाला. “सगळं. हे बघ, इथे दिसतंय.”

पडद्यावर प्रिंटरची यादी होती. दादाने चष्मा वर-खाली करून पाहिलं. हाडाची केसाएवढी भेग ओळखणाऱ्या माणसाला त्या ओळींमधलं काही कळेना. उंदराला मांजर साक्ष.

“मी? नाही रे. तो फोल्डर मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. मला स्वच्छ आठवतंय.”

“आठवतंय असं वाटतं, दादा.”

दादा हळूच स्टुलावर बसला. स्वतःचेच हात त्याने उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, “आईचंही असंच सुरू झालं होतं.”

आई शेवटची तीन वर्षं दोघांनाही ओळखत नव्हती. सुरुवात अशीच झाली. वस्तू कुठेतरी ठेवायची आणि मी ठेवलीच नाही म्हणून शपथा घ्यायची. तिला घास भरवले ते दादाने, कपडे बदलले तेही दादाने. धाकटा रविवारी फळं घेऊन यायचा.

“खरं सांग,” दादा म्हणाला. त्याचा आवाज थोरल्याचा राहिला नव्हता. “मी विसरायला लागलोय का?”

इथेही वेळ गेली नव्हती. धाकट्याने घसा खाकरला. “वयाने होतं थोडं. मागच्या महिन्यात तू मला एकच गोष्ट दोनदा सांगितलीस. मी बोललो नाही.”

ही दुसरी थाप. पहिलीपेक्षा पुष्कळ सोपी गेली.

दादा उठला. जाताना त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्याने बापाच्या मयतीलाही ठेवला नव्हता. “बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कोणी तोंडावर सांगितलं नसतं. आपला तो आपलाच.” मग कठडा धरून, एकेक पायरी मोजत, तो खाली गेला.

दोन महिन्यांनी दुपारी वहिनींचा फोन आला.

“भावोजी, मला काही सुधरत नाहीये. स्कूटर विकून टाकली यांनी. घरभर चिठ्ठ्या लावल्यात, गॅस बंद, नळ बंद, दार बंद. प्राध्यापकांचा फोन आला की आत जाऊन बसतात. काल डॉक्टरकडे नेलं. दोन तास तपासलं त्यांनी. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, गोष्ट सांगून परत विचारली. एक चूक नाही. डॉक्टर म्हणाले, यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“मग चांगलंच आहे की.”

“पण हे ऐकतात कुठे! म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, माझ्या भावाने मशीनवर बघून सांगितलंय. तो कशाला खोटं बोलेल? भावोजी, तुम्ही एकदा येऊन सांगा ना, काही झालेलं नाही म्हणून. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकायचे नाहीत ते.”

धाकट्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. दादाचं डोकं ठीक आहे असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न काय येणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. दादा मूर्ख नव्हता. डोकं ठीक, तर मग पुसलं कोणी?

“वहिनी,” तो अगदी मायेने म्हणाला, “सुरुवातीला तपासणीत येत नाही हो. आईचं तरी कुठे आलं होतं? दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवून घ्या.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

“आणि तोवर,” तो म्हणाला, “त्याला एकट्याला बाहेर सोडू नका.”