बेन रुआवरची वळचण

डोंगरावर भांडू नये, भांडण खाली गाडीपर्यंत न्यावं आणि मग काय ते करावं, हे स्कॉटलंडच्या त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण साठी उलटलेल्या हेक्टरला आणि त्याच्या बायकोला, इशबेलला, कोण सांगणार! जानेवारीतल्या त्या दुपारी बेन रुआ डोंगराच्या खांद्यावर दोघांची जुंपली.

"धुकं उतरतंय. परत फिरू," हेक्टर म्हणाला.

"तू फीर. गेल्या वेळीही शेपूट घातलंस. मी माथा गाठणार."

"जा मग! आणि कोसळलीस तर मला हाका मारू नकोस!"

ती गेली. हेक्टर वीस मिनिटं फुगून बसला. ओटचं बिस्किट खाल्लं. मग स्वतःलाच शिव्या घालत तिच्या पावलांवर पावलं टाकत तो धारेवर चढला.

धुकं असलं दाट की वाट आणि आभाळ एकच. बर्फात तिच्या बुटांच्या लोखंडी दातांचे ठसे तेवढे खरे. एक, मग दुसरा, मग तिसरा. आणि मग एक ठसा अर्धाच होता. टाच होती, चवडा नव्हता. त्याच्यापुढे ताजा तुटलेला बर्फाचा काठ, आणि खाली नुसती पोकळी.

हेक्टर झटकन मागे सरला. वारा या धारेवर बर्फाची वळचण बांधतो, कड्याबाहेर लोंबणारी. वरून ती जमिनीसारखीच दिसते. ती तुटली होती.

"इशबेल! अगं इशबेल!"

उत्तर नाही. हाका मारू नकोस, असं आपण म्हणालो! चाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य हे? त्याच्या तोंडून हुंदकासुद्धा फुटेना, गुरासारखा नुसता आवाज निघाला.

खडकांना धरत, रांगत, तो तुटलेल्या भागाला आतून वळसा घालून पुढे गेला. कशासाठी, त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि तिथं पुन्हा ठसे होते! वर जाणारे. त्यानं हातमोजा काढून ते चाचपले. मग तो धावतच सुटला.

माथ्यावरच्या दगडांच्या राशीला टेकून इशबेल थर्मासमधून चहा ओतत होती.

"उगवलास का? अरे, अरे, चहा सांडला की! सोड ना, वेड लागलं का तुला?"

त्यानं सांगितलं. तिला पटेना. "काहीतरीच काय!" मग त्यानं तिला बाहीला धरून खाली नेलं आणि खडकांवरूनच दाखवलं. धुकं जरा फाटलं होतं. अलीकडे ठसे, पलीकडे ठसे, मधे काही नाही.

इशबेल बघतच राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्या मधल्या तुकड्यावर मी बसले होते, हेक्टर. सॅक खाली ठेवून. म्हटलं, येईलच मागून, थांबावं."

"मग?"

"मग तुझं ते बोलणं आठवलं. असं डोकं फिरलं! म्हटलं, मरू दे मेल्याला, नाही थांबत. आणि उठले."

सबंध वाटभर हेक्टर माफीचे शब्द घोकत आला होता. आता माफी मागायची तरी कशाची, तेच त्याला कळेना. तो ढसाढसा रडायला लागला, आणि एरवी त्याला गप्प बस म्हणणारी इशबेल त्याच्या शेजारी बर्फात मटकन बसली.