प्री म्हणजे आधी

दोष तुमचाच आहे, डॉक्टरसाहेब. टेबलामागच्या फिरत्या खुर्चीतून तुम्ही एक शब्द दामिनीच्या पदरात टाकलात आणि ती उठायच्या आत पुढचा नंबर पुकारलात. "प्री-इक्लॅम्पशिया आहे. गोळ्या घ्या, लक्ष ठेवा." कशावर लक्ष ठेवायचं? ते तुमच्या तोंडून निघालं नाही. मराठी येत नाही म्हणू नका, शिपायाला झापताना चांगली येत होती. आता ऐका, तुमच्या त्या शब्दाने म्हसावदच्या एका घरात काय केलं ते.

दामिनी ही रतिलाल पाटलांची सून. पहिलटकरीण, आठवा लागलेला. तिच्यासोबत दवाखान्यात आली होती तिची नणंद रुपा. रुपाने कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, पण इंग्रजी सोडलं नाही. घराच्या ओट्यावर ती गावातल्या पोरींची शिकवणी घेते, आणि तिचा हातखंडा म्हणजे शब्द फोडणं. "पुढचा तुकडा धरा, शब्द आपोआप मागे येतो. री म्हणजे पुन्हा, म्हणून रिचार्ज. सब म्हणजे हाताखालचं, म्हणून सबस्टेशन. इंटर म्हणजे मधे, म्हणून..." "इंटरकास्ट!" म्हणून एखादी ओरडायची आणि ओटा हसून लोळायचा. हे तुकडे लॅटिन नावाच्या भाषेतले आहेत, ती भाषा घरात बोलणारं आता कुणी उरलं नाही, असं रुपा सांगायची. माणसं गेली, तुकडे उरले.

दवाखान्याच्या पायरीवरच तिने मोबाइलमध्ये तुमच्या शब्दाचा मागचा तुकडा शोधला. इक्लॅम्पशिया. गरोदरपणात येणारे झटके. आई जाऊ शकते, बाळही. रिक्षात ती दामिनीकडे बघेचना, नुसती बाहेरच्या केळीकडे बघत राहिली.

आता या घराची एक रीत आहे. गरोदर बाई घरात असली की वाईटाचं नाव घ्यायचं नाही. सापाला लांबडं म्हणायचं, मयतीची बातमी उंबऱ्याबाहेर ठेवायची. नाव घेतलं की ते घर शोधत येतं. शेजारीण कुणाच्या तरी मिरगीची गोष्ट सांगायला बसली, तर सिंधुबाईंनी, म्हणजे रुपाच्या आईने, तिला भरल्या कपानिशी उठवलं होतं.

म्हणून घरी पोचल्यावर सिंधुबाईंनी विचारलं, "काय म्हने डाक्तर?" तेव्हा दामिनी समोरच उभी होती, आणि रुपाने अर्धाच शब्द फोडला.

"प्री म्हणजे आधीचं, आई."

"म्हंजे आजून काही झायं नई?"

"नई. आजून नई."

"मंग झायं का सांगजो म्हना त्याले!"

सगळे हसले. दामिनी तर पोट धरून हसली. रुपाही हसली, पण मागचा तुकडा घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

तिने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आईला माजघरात गाठलं, तर आईने तोंडावर हात ठेवला, "भिंतीलेबी कान ऱ्हातस, रुपे." भावाला, म्हणजे दामिनीच्या नवऱ्याला सांगितलं, तर ललित म्हणाला, "डाक्तरनी घर धाडं ना? काही ऱ्हातं तं त्यानी ठेई लिधं नसतं का?" बघा, तुमच्यावर केवढा भरवसा होता त्याचा.

मग भीती त्या घरात राहायला आली, आणि ती एकट्या रुपाला दिसायची. दामिनीच्या हातून वाटी पडली तरी ती दचकायची. दामिनीच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायचा नाही. तोंड सुजत चाललं होतं आणि येणारी-जाणारी म्हणायची, "काय तेज उनं वं! पोऱ्याच व्हई, लिखी ठेव." शिकवणीत रुपाने सवयीने विचारलं, "प्री म्हणजे?" पोरी एका सुरात ओरडल्या, "आधी!" कुंदन नावाची पोर म्हणाली, "आधी म्हणजे किती आधी, म्याडम?"

रुपाने त्या दिवशी शिकवणी लवकर सोडली.

ओटीभरणाचा दिवस आला. ते झालं की दामिनी बाळंतपणाला माहेरी, ब्राह्मणपुरीला जाणार. पाट मांडला, अंगण बायकांनी भरलं. कासारीण हिरव्या बांगड्या चढवायला बसली आणि एकही बांगडी मुठीवरून जाईना. तेल लावलं, साबण लावला.

"सासूनी लई तूप चारं वाटस," कासारीण म्हणाली. "बांगड्या नई, आते गाडीना टायर आना!"

अंगण खदखदलं. दामिनी हसली नाही. तिने रुपाचा हात धरला. "ताई, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं. डोयासमोर नुसतं चमकी ऱ्हायनं."

"उपाशी शे ती. पेढा द्या," कुणीतरी म्हणालं.

हेच मोबाइलवर लिहिलेलं होतं. आधी डोकं, मग डोळे, मग ते. बोललं तर नाव घेतल्याचं पाप, न बोललं तर वहिनी हातची जाणार. ती भर अंगणात ओरडली, "झटका येई तिले! मिरगीसारखा! जीव जाई तिन्हा! आधीचं सरी गयं, आई, गाडी काढा!"

सिंधुबाईंचा हात तिच्या गालावर सणकन बसला. "तोंड फुटो तुन्हं!" पण दामिनी तेवढ्यात पाटावरच ओकली, आणि ललित चावी आणायला धावला.

नंदुरबारच्या वाटेवर शहादा मागे पडलं. प्रकाशा गावाच्या पुलावर, खाली तापी उन्हात चकाकत असताना, दामिनीचे डोळे वर गेले. अंग लाकडासारखं ताठ झालं, दात कचकन मिटले आणि ओठांतून लाल फेस आला. रुपाने तिला कुशीवर वळवून धरलं. ललित रडत गाडी हाकत होता. सिंधुबाई सुनेकडे बघतच नव्हत्या. त्या लेकीकडे बघत होत्या.

"तू नाव लिधं, नि ते उनं."

नाव घेतलं म्हणून ते आलं. रुपालाही क्षणभर तेच वाटलं होतं.

नंदुरबारच्या खाजगी दवाखान्यात दामिनीला आत नेलं ते नेलंच. दार उघडलं तेव्हा बाहेर आले ते तुमच्याच जातकुळीचे दुसरे साहेब. चालता चालताच म्हणाले, "बेबी प्रीमॅच्युअर आहे, काचेत ठेवलंय. मदरला इंट्यूबेट केलंय. ऑब्झर्व्ह करू." आणि वळले.

"काय म्हने वं?" सिंधुबाईंनी रुपाची बाही धरली. पुलापासून पहिल्यांदा त्या तिच्याशी बोलल्या.

रुपाला तुकडे कळले होते. प्री, वेळेच्या आधी. इन, आत. दामिनीच्या घशात नळी घातली आहे. एवढं ती आईला फोडून सांगू शकली असती. पण आई जे विचारत होती ते या तुकड्यांत नव्हतं, आणि अंदाजाने बोलायची तिची आता हिंमत नव्हती. ती पुढे झाली आणि मिटत्या दारात हात घातला. नर्स "ओ बाई!" म्हणून ओरडली. रुपाने हात काढला नाही.

"साहेब, मागे फिरा. ही तिची सासू, हा तिचा नवरा. यांच्याकडे बघून मराठीत बोला. झटके परत येतील का? माझी वहिनी वाचेल का? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पण तोंडाने म्हणा. वाचेल का ती? बोला!"