डावीकडच्या खुर्च्या

विंगेतून रंगमंचावर पाऊल टाकताच पद्मजाबाईंची नजर समोरच्या मांडणीवर गेली. खुर्च्या उलट्या मांडल्या होत्या. म्हणजे खरं तर सुलट. वाद्यवृंदात पुष्कळ ठिकाणी असतात तशा. पहिली व्हायोलिनं संचालकाच्या, म्हणजे बाईंच्या, डावीकडे, दुसरी उजवीकडे.

"बाळा, हे कुणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होयां? गेल्या वर्षीचो फोटो बघलंय नि मांडलंय," रंगमंच सांभाळणारा बाळा म्हणाला. "माइकच्यो वायरी चिकटवन झाल्यो. आता हलवूक जमाचा नाय."

घाटकोपरचं सभागृह भरत आलं होतं. पडदा उघडायला दहा मिनिटं होती.

तीन महिन्यांपूर्वी मुलुंडच्या कानाच्या डॉक्टरांनी बाईंना एक आलेख दाखवला होता. डाव्या कानाची रेघ शेवटी कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. "चाळीस वर्षं व्हायोलिन या कानाखाली वाजतंय. उंच सूर पहिले जातात," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी बाईंनी पहिली व्हायोलिनं उजवीकडे आणली, चांगल्या कानाच्या बाजूला. पूर्वी युरोपात असंच बसायचे, असं मुलांना सांगितलं. थाप इतकी गंभीरपणे मारली की दुसऱ्या व्हायोलिनांतल्या धम्मपालने ती वहीत लिहून घेतली.

कान गेला हे कुणालाही ठाऊक नव्हतं आणि ते तसंच राहायला हवं होतं. गिरणीत काम करणाऱ्या दत्तारामची ही मुलगी. विसाव्या वर्षी स्टुडिओत व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसली, मग कांजूरमार्गच्या शाळेच्या हॉलमध्ये सव्वीस वर्षं शिकवून बावीस जणांचा वाद्यवृंद उभा केला. वाद्यं मात्र शाळा चालवणाऱ्या संस्थेची. संस्थेचे सचिव निमेशभाई आज पहिल्या रांगेत होते. बासष्टाव्या वर्षी बाईंना झेपतंय का, ते बघून पुढचं ठरणार होतं.

"बाई," मागून समीक्षा आली. पहिल्या व्हायोलिनांची प्रमुख, सातव्या वर्षापासून बाईंच्या हाताखाली. "वाट लागली. वरची तार तुटली. नवी चढवलीय."

नवी तार तासभर तरी एका जागी राहत नाही, वाजवता वाजवता उतरत जाते. आणि दुसरी रचना सुरू व्हायची ती समीक्षाच्या एकटीच्या, त्याच तारेवरच्या लांब सुराने. तो जुळला की बाईंनी खूण करायची आणि बाकीच्यांनी त्याच्यावर यायचं.

"ताणून ताणून लावलीय ना?"

"हो. पण तुम्ही ऐकालच. उतरली तर थांबवा."

"थांबवीन," बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

पहिली रचना निभावली. टाळ्या झाल्या. समीक्षाने तार पुन्हा पिळून घेतली आणि मान हलवली. बाईंनी काठी उचलली.

समीक्षाचा गज चालू लागला. बाईंना सूर लांबून बोलणाऱ्या माणसासारखा ऐकू येत होता: आहे हे कळत होतं, कसा आहे ते नाही. त्यांनी गजाकडे पाहिलं. गज सरळ होता. एक, दोन, तीन. गज काय, बेसूर तारेवरही सरळच चालतो.

चार. उजवीकडे धम्मपालचा चेहरा सुक्या बोंबलासारखा आकसला. या पोराला चेहरा लपवता येत नाही. पाच. समीक्षाचे डोळे बाईंवर खिळलेले. थांबवा ना, असं स्पष्ट लिहिलेलं त्यांत.

आठव्या मात्रेला खूण द्यायची होती. दिली असती तर बाकीचे एकवीस गज त्या उतरलेल्या सुरावर चढले असते. थांबवलं असतं आणि सूर बरोबर असता, तर?

सहाव्या मात्रेला बाईंनी वळून उजवा कान समीक्षाकडे केला. पूर्ण. सगळ्या सभागृहासमोर. सूर चांगलाच खाली होता.

त्यांनी काठी खाली ठेवली. "माफ करा. तार उतरली आहे, लावून घेतो," त्या प्रेक्षकांना म्हणाल्या. मग समीक्षाच्या खुर्चीजवळ जाऊन हळूच विचारलं, "तू सांग. जुळली की मान हलव. मी तुझ्याकडे बघते."

समीक्षाने बाईंच्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे. तिच्या हातातली खुंटी क्षणभर थांबली, पुन्हा फिरली. तिने मान हलवली आणि तिच्या अशाच खुणांवर बाईंनी पुढचा सगळा कार्यक्रम नेला.

संपल्यावर निमेशभाई विंगेत आले. "भर कार्यक्रमात थांबवलंत. काय कान आहे बाई तुमचा."

हो म्हटलं असतं तर झालं असतं. समीक्षा व्हायोलिनची पेटी बंद करता करता थांबली होती.

"माझा नाही," बाई म्हणाल्या. "डावा गेलाय. आज समीक्षाच्या कानावर चाललं. पुढेही ती सोबत असेल तर शिकवीन. नाहीतर तुम्ही दुसरं कुणी बघा."

निमेशभाईंनी आधी समीक्षाकडे, मग बाईंकडे पाहिलं. "सोमवारी या," ते शेवटी म्हणाले. "दोघी या."

ते गेल्यावर समीक्षा उसळली. "तीन महिने? सांगायचं ना, यार." मग तिने जीभ चावली. "सॉरी बाई."

"कशाबद्दल? तू डावीकडून बोललीस," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातातली पेटी स्वतःकडे घेतली.