राखाडी बटणाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नाही आणि दिव्याचंही नाही. संगणकाच्या पडद्यावर, एका फॉर्मच्या तळाशी माझी जागा. आता तो संगणक अडगळीच्या खोलीत पडला आहे आणि त्याच्या पोटात मी. माझा विश्वासघात झाला आहे. इतकी वर्षं झाली तरी तो मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली सांगलीच्या विश्रामबागेत माझा जन्म झाला. तिथं एक वधू-वर सूचक मंडळ होतं. सुमंतराव त्याचे सचिव. त्यांनी हौसेनं संगणक घेतला आणि शौनक नावाच्या नुकत्याच इंजिनिअर झालेल्या तरुणाकडून त्यावर सगळं काम बसवून घेतलं. कार्यालयातल्या चारुलताबाई मुलीचा फॉर्म भरायच्या, गुरुजी पत्रिका तपासून तो पुढं सरकवायचे आणि शेवटी सुमंतराव मंजुरी द्यायचे. पण एवढं करूनही फोटो आणि पत्रिका जायच्या टपालानंच. घोडं तिथंच अडायचं. तेव्हा शौनकनं फॉर्मच्या तळाशी मला बसवलं आणि माझ्यावर लिहिलं, 'फाईल उतरवून घ्या'. फ्लॉपी, म्हणजे फाईल साठवायची चपटी चकती, घालायची, मला दाबायचं, की फोटो आणि पत्रिका फ्लॉपीवर. मग गावातल्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन निवांत बघत बसा! लोकांना मोठी गंमत वाटायची.

अशातच एक दिवस अंकिता आली. मूळची कोरेगावकडची, विश्रामबागेत होस्टेलवर राहून बी.एड. करणारी. तिचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. शिकायला एकटी राहणारी भावकीतली ती पहिलीच मुलगी. फॉर्म भरून झाला तशी तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि फोटो द्यायला मी हो म्हटलंच नाही, तर?"

शौनकनं फॉर्मकडे परत एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

त्यानं त्या दिवशी जेवणाची सुट्टीही घेतली नाही. फॉर्मवर होकाराची एक चौकट केली. मुलीनं स्वतः येऊन, आपला गुप्त शब्द घालून तिथं होकार दिला, तरच मी निळा व्हायचो. तोपर्यंत राखाडी. कितीही दाबा, मी हलायचो नाही. शौनक प्रत्येक मुलीला मला दाखवून सांगायचा, "हे राखाडी आहे ना, मग तुमचा फोटो इथून बाहेर जात नाही." मुलींचे चेहरे सैल व्हायचे. मला वाटायचं, फोटो देणं काय, कोणीही देईल. न देणं हे खरं माझं काम. मी शौनकवर जीव टाकत होतो, मित्रांनो.

पण मुलाकडची मंडळी कुरकुरू लागली. फोटो बघितल्याशिवाय स्थळ कसं ठरवायचं, म्हणून दोन-तीन घरं तरातरा निघून गेली. सुमंतरावांनी शौनकला बोलावलं.

"बटण राहू दे तसंच. मुलींना बरं वाटतं. पण चारुलताबाईंना दुसरी एखादी वाट करून दे."

मला खात्री होती, तो नाही म्हणेल. मला घडवणारा तोच होता ना! पण तो खुर्ची ओढून कामाला बसला. खाली मान घालून त्यानं कीबोर्डवरच्या एका कळीला माझं काम शिकवलं. फॉर्म उघडायचा, ती कळ दाबायची, की फाईल फ्लॉपीवर. होकार नको, गुप्त शब्द नको. मला पुढच्या दारात राखणीला बसवलं आणि मागचं दार सताड उघडलं. त्या दारानं चारुलताबाई मुलाकडच्यांना फोटो देऊ लागल्या; अंकिताचाही गेला. पुढच्याच महिन्यात शौनक नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग एका सोमवारी लालासाहेब अंकिताला घेऊन आले. लालासाहेब दारातूनच बोलू लागले.

"आवं सायेब, माज्या पोरीचा फोटू कोरेगावच्या बाजारात फिरतोय. टपरीवर पोरं छापलेला फोटू हातात घिऊन बगत्यात. कुनी दिला?"

सुमंतरावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चारुलताबाईंना अंकिताचा फॉर्म उघडायला सांगितलं.

"हे बघा सुभेदार. राखाडी आहे. मुलीच्या होकाराशिवाय चालतच नाही. तुम्ही स्वतः दाबून बघा."

लालासाहेबांनी माऊस धरला आणि मला दाबलं. परत दाबलं. मी ओरडून सांगणार होतो, पण मला तोंड कुठं? मी राखाडीच राहिलो. माझ्या प्रामाणिकपणाचीच सुमंतरावांनी खोटी साक्ष केली.

लालासाहेब हळूहळू मुलीकडे वळले.

"मग तूच दिलास कुनाला तरी."

"न्हाई आबा. आईशप्पत न्हाई."

"मशीन कशाला खोटं बोलंल? चल होस्टेलावर. सामान बांद. बास झालं शिक्षान."

अंकिता रडली नाही. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "सर, दुसऱ्या कुठल्या वाटेनं निघत नाही ना फाईल?"

"छे, छे," सुमंतराव म्हणाले.

तिनं चारुलताबाईंकडे पाहिलं. बाईंनी कीबोर्डवर रुमाल टाकला आणि पुसायला घेतला. सगळ्या खोलीत बरोबर प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता, आणि त्या खोलीतून खोटी ठरून तीच बाहेर पडली. त्यानंतर ती विश्रामबागेत कधी दिसली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखी बटणं घडवेल. जरूर घडवा. पण बंद म्हणालात, तर सगळीकडून बंद ठेवा. आणि कोणी तुम्हाला बंद दार दाखवलं, तर अंकितासारखं मागच्या दाराचंही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. माणसाला खोटं ठरवायला मशीनची साक्ष काढू नका. आम्हाला जेवढं शिकवलं जातं, तेवढंच आम्ही दाखवतो.

कोणी हा संगणक कधी सुरू केलाच, तर अंकिताचा फॉर्म जरूर उघडा. माझ्या शेजारी होकाराची चौकट आहे. ती आजही कोरीच आहे.