पोहोचल्याचा निरोप

आमच्या रस्त्यावर नियम एकच आहे. पुढच्या मुक्कामी पोहोचलं की मागच्या मुक्कामाला फोन करायचा. फोन नाही आला तर आम्ही गाडी काढून शोधायला निघतो. पोलीस ठाणं इतकं लांब आहे, की त्यांच्या भरवशावर राहिलं तर शोधायला काही उरेल याची खात्री नाही.

त्या तिघांना मी हे माझ्या खाणावळीत अंडी-टोस्ट वाढता वाढता सांगितलं. तिघंही परदेशांतून ॲडलेडला शिकायला आलेली, मधल्या सुट्टीत वाळवंट बघायला निघालेली. गाडी चालवणारा चिलीचा तोमास, शेजारी नकाशा धरणारी नॉर्वेची इंगविल्ड आणि मागच्या सीटवर पिशव्यांत बुडालेला जपानी सोसुके.

"आणि गाडी अडकली तर?" मी दरडावून विचारलं.

"गाडीपाशीच बसायचं. कुणीतरी येतं," सोसुकेनं शाळेत द्यावं तसं उत्तर दिलं.

"ग्लेनिस, तुम्ही अगदी माझ्या आईसारख्या आहात," तोमास तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "मी जिना उतरलो तरी तिला माझा फोन यावा लागतो."

"मग शहाणी आहे ती. टोस्ट संपव."

तिघं हसत हसत निघाली. फाटकापाशी गाडी थोडी थांबली. इंगविल्ड फोनवर कुणाशी तरी बोलत होती. फाटकापलीकडे रेंज नाही, त्यामुळे सगळेच तिथं थांबतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी उत्तरेचा वारा सुटला. इथं उत्तरेचा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखं. चहाच्या वेळेला माझा फोन वाजला. निरोप होता: 'सुखरूप पोहोचलो. रेलीनच्या हातचं मटणाचं स्टू फारच छान. काळजी नको!'

हुश्श म्हणून मी किटली लावली. कपात दूध ओतताना मात्र हात थांबला. रेलीन पुढच्या मुक्कामाची मालकीण आणि माझी जुनी मैत्रीण. तिच्यासाठी मी जीव देईन, पण तिचं स्टू दुसऱ्यांदा खाणार नाही. त्याला छान म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मी तिला फोन लावला. "रेलीन, माझी पोरं जेवली का गं?"

"कुठली पोरं? सकाळपासून गुरांचा एक ट्रक गेला, बाकी रस्त्यावर कुत्रं नाही."

"तीन पोरं. लाल गाडी. म्हणतात, तुझं स्टू छान होतं."

 एरवी रेलीननं भांडण काढलं असतं. "ग्लेनिस," ती म्हणाली, "ती इथं आलेली नाहीत."

निरोप ज्या नंबरावरून आला होता तो मी फिरवला. एका मुलीनं खिदळतच उचलला. "हॅलो आंटी! मी लुपे, इंगविल्डबरोबर खोलीत राहते. मीच पाठवला तो. ती म्हणाली, चहाच्या सुमारास पाठवून दे, नाहीतर ग्लेनिस बिचाऱ्या वाट बघत बसतील. त्यांना वाटेत जरा रेंगाळायचं होतं. स्टूचं मी पदरचं घातलं. तुमच्या भिंतीवर रेलीनच्या स्टूची जाहिरात आहे ना, तिचा फोटो इंगविल्डनं पाठवला होता, त्यावरून."

"रेंगाळायचं होतं कुठे?"

"मिठाच्या तळ्यावर. फोटो काढायला. तोमास म्हणत होता, तळ्यावरून सरळ गाडी घातली की मोठा वळसा वाचतो." मग तिचं हसू विरलं. "आंटी, ती पोहोचलीत ना?"

"नाही," मी म्हणाले.

"त्यांच्या आयांनाही मी तोच निरोप पाठवलाय," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

शेजारचा गुरं पाळणारा वॉल माझा फोन मिळताच आपली गाडी घेऊन आला तेव्हा सूर्य कलला होता. त्यानं फक्त "तळं?" एवढंच विचारलं, मी मान डोलावली आणि शेजारी चढून बसले. ते तळं वरून कोरडं ठणठणीत दिसतं. पांढरा पापुद्रा पापडासारखा कडक. खाली काळा चिखल. वॉलच्या गाई त्यात रुतून गेल्या आहेत. त्यांचं हंबरणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं, असं मला उगीच आठवतं. खरं तर इतक्या लांब ऐकू येणं शक्य नाही.

लाल गाडी काठापासून बऱ्याच आत पोटावर बसली होती. चारही दारं सताड उघडी. वॉलनं दुर्बीण लावली.

"पाण्याचा कॅन टपावरच आहे," तो म्हणाला. "माणसं नाहीत."

"पाण्याशिवाय गेली?"

"पलीकडे बघ ना. पाणीच पाणी दिसतंय."

खरंच दिसत होतं. निळंशार, काठावर झाडं सुद्धा. मी इतकी वर्षं ते मृगजळ बघतेय, तरी माझाही घसा कोरडा पडला.

वॉलनं गाडीचे दिवे तळ्याकडे रोखले आणि हॉर्न दाबला. दाबायचा, थांबायचा, ऐकायचं. परत दाबायचा. सूर्य टेकला, मीठ गुलाबी झालं. त्या गुलाबी उजेडातून दोन ठिपके निघाले, वाढत गेले. इंगविल्ड आणि सोसुके एकमेकांना धरून चालत होते. मांडीपर्यंत काळी, ओठ फुटलेले. मी त्यांना घोटघोट पाणी पाजलं.

"तोमास कुठाय?"

"त्याला पाणी दिसलं," सोसुके म्हणाला. "आम्ही परत फिरलो. तो नाही फिरला."

"अरे, पण गाडी का सोडली? सांगितलं होतं ना मी?"

इंगविल्डनं माझ्याकडे पाहिलं. तिला रडायलाही पाणी उरलं नव्हतं. "आम्ही बसलो होतो, ग्लेनिस. खूप वेळ बसलो होतो. मग मला आठवलं, की तुम्हाला आता निरोप मिळाला असेल. म्हणजे कुणीच येणार नाही."

मी तिचं डोकं छातीशी धरलं. 

गाडीतल्या वायरलेसवर रेलीन बोलली. शोधाचं विमान पहाटे निघेल, त्याआधी नाही. आणि ती लुपे जाहिरातीवरच्या नंबरावर सारखी फोन करतेय. तोमासच्या आईचं उत्तर आलंय तिला, पोराला म्हणावं उन्हात टोपी घाल. आता तिला काय लिहू, विचारतेय.

"खरं ते लिही म्हणावं. तोमास पोहोचलेला नाही. आम्ही शोधतोय."

वॉलनं पुन्हा हॉर्न दिला. या वेळी तळ्यावरून काहीतरी ऐकू आलं. पक्षी असेल असं मला वाटलं. इंगविल्ड ताडकन उठली.

"तोच आहे! त्याच्या भाषेत हाक मारतोय."

"काय म्हणतोय?"

"आई."

आवाज डावीकडून, फार लांबून नव्हता. वॉलनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक गाडीला अडकवून मधला भाग माझ्या हातात दिला आणि पालथा पडून पापुद्र्यावरून सरपटत निघाला. हाका येत होत्या, दोर माझ्या तळव्यांतून पुढे सरकत होता. दिव्यांच्या उजेडाबाहेर गेल्यावर वॉल दिसेनासा झाला. मग दोर थांबला. बराच वेळ तसाच राहिला आणि त्याला ठरल्याप्रमाणे दोन हिसके बसले.

आम्ही तिघं ओढायला लागलो. दोरावर दोन माणसांचं वजन होतं. हाका मात्र थांबल्या होत्या.